काळ्या, टकल्या, बुड्ढ्या, चायना: यातलं रेसिस्ट नक्की काय?

मागच्या रविवारी भाची आली होती. इथेच नाशिकमध्ये कॉलेज रोडला हॉस्टेलवर राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि महिन्यातून एकदा मामाकडून मिसळ वसूल करायची हे आमचं ठरलेलं आहे. गंगापूर रोडला बसलो होतो, पापड आला, दही आलं, रश्श्याची वाटी आली, आणि ती पाव मोडता मोडता एकदम म्हणाली, "मामा, एखाद्याला काळ्या म्हणणं रेसिस्ट असतं का रे?"

विचारलं काय झालं, तर तिच्या वर्गात भांडण झालेलं. वर्गात एक मुलगी अरुणाचलची आहे, तिला सगळे 'चायना' म्हणतात. सुरगाण्याकडचा एक मुलगा आहे, तो 'काळ्या'. एक जाडा आहे तो 'ढोल्या', आणि एका सरांचे केस गेलेत म्हणून ते 'टकल्या', दुसरे रिटायरमेंटला आलेत म्हणून ते 'बुड्ढा'. भाची म्हणाली हे रेसिस्ट आहे, बंद करा, तर एक पोरगा तिला म्हणाला की आम्ही टकल्याला टकल्या म्हणतो, ढोल्याला ढोल्या म्हणतो, मग ते पण रेसिस्ट का, दिसतं तेच तर बोलतो ना. आणि तिला उत्तर देता आलं नाही. ती चिडलेली होती ते यासाठी, की आपलं बरोबर आहे हे कळतंय पण का बरोबर आहे ते सांगता येत नाहीये.

मलाही तिथल्या तिथे धड सांगता आलं नाही. नंतर आठवडाभर वाचलं, डोक्यात घोळवलं, आणि आता तिच्यासाठी आणि तिच्या वर्गातल्या त्या पोरासाठी पण लिहितोय, कारण त्याचा प्रश्न खरंच चांगला आहे.

आधी थोडक्यात. टकल्या, ढोल्या, बुड्ढा हे अपमान आहेत पण एरवी रेसिस्ट नाहीत. 'चायना' रेसिस्ट आहे, त्यात मला काहीच शंका नाही. 'काळ्या' कधी आहे कधी नाही, आणि कधी आहे हे ओळखायचं कसं तेच यातलं सगळ्यात अवघड काम आहे. बघायचं एवढंच, की तो शब्द त्या एका माणसाच्या शरीरापाशी थांबतो का त्याच्या शरीरातून आरपार जाऊन त्याच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या लोकांना लागतो. माझं टक्कल हे माझं टक्कल आहे, टकल्या लोकांचं कुठलं गाव नाही, भाषा नाही, टक्कल आहे म्हणून कोणी कधी विहिरीवर पाणी नाकारलं नाही. पण चपट्या नाकावरून किंवा बारीक डोळ्यावरून कोणाला बोललं की ते नाक एका माणसाचं राहत नाही, ते तिच्या आईचं असतं, आजीचं असतं, गावातल्या सगळ्यांचं असतं.

आपली पहिली अडचण शब्दातच आहे. रेसिझमला आपण मराठीत वर्णद्वेष म्हणतो. वर्ण म्हणजे रंग, त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की हे म्हणजे गोरे आणि काळे, अमेरिका आणि आफ्रिका, आपला काय संबंध. मग 'काळ्या' म्हटलं की निदान कुठेतरी टोचतं, पण 'चायना', 'चिंकी', 'बहादूर', 'हबशी', 'पारध्यासारखा दिसतोय' हे म्हटलं की काहीच टोचत नाही कारण त्यात रंग नाही. वंशद्वेष हा शब्द त्यापेक्षा बरा आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९६५ साली वांशिक भेदभावाविरुद्ध जो करार केला त्यात व्याख्या दिलीये आणि त्यात वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय मूळ, वांशिक मूळ असे पाच आधार आहेत, रंग हा त्यातला फक्त एक. भारतानं १९६८ साली तो करार मान्य केला. आणि त्यातला 'कूळ', म्हणजे कोणाच्या पोटी जन्मलो, हा शब्द आपल्याच देशानं सुचवून घालायला लावला होता, त्याच्याकडे पुढे येतो.

वंश नावाची गोष्ट विज्ञानात जवळपास उरलेली नाही हे पण सांगायला पाहिजे. जगातल्या कुठल्याही दोन माणसांचा डीएनए साधारण ९९.९ टक्के सारखा असतो. कातडीचा रंग मेलॅनिनमुळे येतो, ऊन जास्त तिथे पिढ्यानपिढ्या मेलॅनिन जास्त, बस. एकाच घरात, एकाच आईची दोन लेकरं दोन रंगांची निघतात हे आपण रोज बघतो. म्हणजे वंश ही निसर्गानं केलेली वाटणी नाही, लोकांनी केलेली आहे, आणि ती वाटणी करताना खूण म्हणून शरीर वापरलं. कुठे कातडी, कुठे नाक, कुठे डोळे, कुठे केस. म्हणून तर 'आम्ही फक्त दिसण्यावरून बोललो' हा बचाव इतका कच्चा आहे, वंशद्वेष दिसण्यावरूनच तर चालतो, त्याला दुसरं असतं काय हातात.

आता माझ्या शाळेतलं सांगतो, कारण मला हे खरं तर तिथून कळलं, फक्त पंचवीस वर्षं उशिरा कळलं. आमच्या वर्गात दोन काळी पोरं होती. एक पंचवटीतल्या मोठ्या वाड्यातला, घरी गाडी, वडील वकील. दुसरा आठवीत आला, हरसूलच्या पुढच्या पाड्यावरचा, कोकणा समाजातला, मामाकडे राहायचा. दोघांनाही वर्ग 'काळ्या' म्हणायचा, मी पण म्हणायचो. वाड्यातल्या काळ्याला मैदानावर काळ्या म्हणून हाक मारली की तो उलट ढोल्या, चष्म्या असं काहीतरी द्यायचा आणि खेळ चालू. त्याच्या लग्नात स्टेजवर जाऊन आम्ही 'काय काळ्या' म्हटलं तर त्याची बायको पण हसली. दुसऱ्याला काळ्या म्हटलं की त्याच्या पुढे अजून काहीतरी यायचं. 'तुम्ही लोक उन्हात हिंडता ना दिवसभर.' 'तुमच्यात उंदीर खातात ना रे.' 'जंगलात परत जा.' डबा उघडला की दोन पोरं वाकून बघायची. शब्द तोच, अक्षरं तीच, मैदान तेच, पण पहिल्याला कधी कोणी 'तुम्ही लोक' म्हटलं नाही. दुसऱ्याला काळ्या म्हणजे फक्त रंग नव्हता, काळ्या म्हणजे आदिवासी, काळ्या म्हणजे तुझी जागा इथे नाही. नववीच्या दिवाळीनंतर तो परत आला नाही. का आला नाही हे कोणी विचारलं नाही, मी पण नाही विचारलं, आणि त्याचं खरं नाव मला आठवायला दोन दिवस लागले, हे मला आज फार लागतं.

हे 'तुम्ही लोक' फार कामाचं आहे ओळखायला. तोंडानं बोललं असेल नसेल, पण त्या शब्दाच्या पुढे 'तुम्ही लोक असेच' हे जोडून बघायचं. टकल्या, तुम्ही टकले लोक असेच, हे काही बसत नाही, हसू येतं. चिंकी, तुम्ही लोक असेच, हे लगेच बसतं. आणि आपण नाशिकमध्ये राहतो जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातला चारातला एक माणूस आदिवासी आहे, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, दिंडोरी, कळवण, इगतपुरी, द्राक्षाच्या छाटणीला येणारा, बांधकामावर येणारा, आता इंजिनिअरिंगला पण येणारा, म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे बाहेरून आयात झालेला नाही.

एक मान्य करायला पाहिजे की मराठी माणसाला शरीरावरून नाव पाडायची फार जुनी सवय आहे. काळे, गोरे, टकले, बोबडे, एकबोटे ही आडनावं आहेत आपली, आणि कोणाला त्यात काही गैर वाटत नाही. मित्रामित्रांत तर शेवटी 'या' लावला की झालं, बुटक्या, लांब्या, काळ्या. त्यामुळे एखाद्याला खरंच वाटू शकतं की यात काही वाईट नाही, प्रेमानं म्हणतो. पण तोच 'या' गावात कसा वापरला गेला ते पण आठवायचं. मोठ्या घरातलं दहा वर्षाचं पोर सत्तर वर्षाच्या महार, मांग, भिल्ल म्हाताऱ्याला 'ए धोंड्या', 'ए सख्या' म्हणून हाक मारणार आणि तो 'जी' म्हणून येणार. त्या 'या'मध्ये प्रेम नव्हतं. एकच प्रत्यय, एका ठिकाणी दोस्ती आणि एका ठिकाणी पायरी.

क्रिकेटमधली दोन उदाहरणं सांगतो, त्या पोराला क्रिकेट कळतं म्हणून. जानेवारी २०१९ ला डर्बनमध्ये दक्षिण आफ्रिका आणि पाकिस्तानची वनडे चालू होती, पाकिस्तानचा कॅप्टन सरफराज अहमद विकेटकीपर, समोर अँडिले फेहलुकवायो खेळत होता आणि आऊट होत नव्हता. सरफराज वैतागून 'अबे काले' म्हणून काहीतरी बोलला, ते स्टंप माइकमध्ये गेलं. त्याचं म्हणणं की कोणाला उद्देशून नव्हतं, ऐकू जाईल असंही नव्हतं. तरी आयसीसीनं रेसिझमविरोधी नियमाखाली चार मॅचची बंदी घातली. समोरच्याला उर्दू कळत नव्हतं हा मुद्दा तिथे चालला नाही. त्यानं जाऊन समोरासमोर माफी मागितली, हे पण नोंदवायला पाहिजे.

दुसरं डॅरेन सॅमीचं. वेस्ट इंडिजला दोनदा टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकून दिलेला कॅप्टन. आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना त्याला 'कालू' म्हणायचे आणि त्याला वाटायचं की याचा अर्थ तगडा घोडा वगैरे असेल, तो पण हसायचा. जून २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर जगभर चर्चा चालू होती तेव्हा त्याला खरा अर्थ कळला आणि तो चिडला, उघडपणे बोलला. नंतर एका खेळाडूशी त्याचं बोलणं झालं, ते प्रेमानं म्हणायचे असं त्यानं सांगितलं आणि विषय मिटवला. आता हे रेसिस्ट होतं का? मला वाटतं त्या पोरांच्या मनात द्वेष नसणार, पण शब्द मात्र तसाच होता. कारण सॅमीचा रंग हा त्याच्या एकट्याचा रंग नव्हता, त्या रंगावरून त्याच्या पूर्वजांना जहाजात कोंबून उसाच्या मळ्यात विकलं होतं. मनात काय होतं हे बोलणाऱ्यापाशी राहतं, आणि शब्द जातो समोरच्याकडे, त्याचा सगळा इतिहास घेऊन जातो. आणि एक बघा, ज्याला अर्थ सांगितलेला नाही त्याच्यासोबत केलेली गंमत ही त्याच्यासोबतची नसते, त्याच्यावरची असते.

मग आपल्या आपल्यात, म्हणजे एकाच घरातल्या काळ्या मुलीला 'काळी' म्हणून टोचणं, ते काय? त्याला कलरिझम म्हणतात, रंगावरून डावं-उजवं करणं. बायोडेटात 'वर्ण: गोरा, निमगोरा, गव्हाळ' लिहितात आणि सावळी असेल तर फोटोच जरा उजळ करून पाठवतात. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीला नावातलं 'फेअर' काढायला २०२० उजाडलं. हे वंशद्वेषाचं सख्खं भावंड आहे पण तंतोतंत तेच नाही, कारण इथे बोलणारा आणि ऐकणारी एकाच समाजातले. त्रास मात्र कमी नाही. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी लेकीला अकरावीपर्यंत पिवळा ड्रेस घालू दिला नाही, 'अजून काळी दिसशील'. मला यात नाशिककर म्हणून फार वाईट वाटतं, कारण आपल्या गावात काळा राम पण आहे आणि गोरा राम पण आहे, आणि गर्दी काळ्या रामाकडे असते. काळ्या पाषाणातल्या मूर्तीपुढे हात जोडतो, विठ्ठलाला सावळा म्हणताना गळा दाटतो, आणि घरी आल्यावर सुनेच्या रंगावर बोलतो.

आणि हा रंग जातीपासून पूर्ण सुटा पण नाही. उत्तरेत एक म्हण आहे, काळ्या ब्राह्मणावर आणि गोऱ्या दलितावर भरवसा ठेवू नका अशा अर्थाची. म्हणजे त्यांनी धरूनच ठेवलंय की वरचा तो गोरा असणार, खालचा तो काळा असणार, उलटं दिसलं तर काहीतरी गडबड आहे. असा हिशोब डोक्यात असला की 'काळ्या' हा शब्द रंगापुरता राहतच नाही. म्हणून मी म्हणालो की हा शब्द सगळ्यात अवघड आहे.

'चायना', 'चिंकी'मध्ये तशी अडचण नाही, तिथे सरळ आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लजपतनगरला निडो तानिया नावाचा अरुणाचलचा तरुण पत्ता विचारायला एका दुकानात गेला, त्याच्या रंगवलेल्या केसांवरून, दिसण्यावरून चेष्टा सुरू झाली, त्यातून भांडण, मारहाण, आणि तो गेला. केसांवरून. म्हणजे ज्याला तो पोरगा 'दिसतं तेच बोलतो' म्हणतो ना, तिथूनच सुरू झालं होतं. त्यानंतर सरकारनं बेझबरुआ समिती नेमली, तिनं त्याच वर्षी अहवाल दिला आणि वंशावरून केलेल्या अपमानासाठी फौजदारी कायद्यात वेगळं कलम घाला अशी शिफारस केली. ते कलम आजही आलेलं नाही. आपल्याकडे देवळालीला तोफखान्याचं एवढं मोठं केंद्र आहे, ईशान्येकडचे, गोरखा, लडाखचे जवान सुट्टीत मेन रोडला खरेदीला येतात, आणि देशासाठी उभ्या राहिलेल्या त्या माणसाला दुकानदार विचारतो 'तुम कहाँ से, नेपाल?' यातलं दुःख मला शब्दात नीट मांडता येत नाही. वॉचमनला त्याचं नाव न विचारता 'बहादूर' म्हणणं पण त्यातलंच, ऐकायला कौतुकाचं वाटतं म्हणून सुटतं.

'हबशी' हा शब्द पण जाता जाता. 'हबशासारखा काय खातोयस' असं घरात सर्रास ऐकलंय. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. तिथून आलेले हबशी आपल्या दख्खनच्या इतिहासात सेनापती होते, निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर हबशीच होता, जंजिरा सिद्दींचाच. खादाड, दांडगा माणूस या अर्थानं आपण एका अख्ख्या समाजाचं नाव वापरतो. तसंच 'पारध्यासारखे केस', 'कैकाड्यासारखं काय राहतोस'. दिसण्यावरचे टोमणे वाटतात ना? पण इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ पर्यंत होता, आणि आजही चोरी झाली की पहिला संशय पालावर जातो. त्या टोमण्यात ते सगळं बसलेलं असतं. इथे वंश हा शब्द वापरायचा का जात का जमात यावर अभ्यासक भांडतील, भांडू देत.

आता वय. थेरडा, म्हातारडा, 'साठी बुद्धी नाठी', आणि बायकांसाठी तर स्पेशल, घोडनवरी, आंटी, काकूबाई. अमेरिकेत रॉबर्ट बटलर नावाच्या डॉक्टरनं १९६९ साली यासाठी एजिझम हा शब्द काढला, म्हणजे वयावरून भेदभाव. तो रेसिझमच्याच धर्तीवर काढलेला शब्द आहे, पण दोन्हीत एक मोठा फरक आहे. म्हाताऱ्यावर हसणारा पोरगा नशिबानं जगला तर एक दिवस म्हातारा होणारच आहे, पण आदिवासी पोराला हसणारा कधीच आदिवासी होणार नाही. म्हणून सरांना 'बुड्ढा' म्हणणं वाईट आहे, उद्धट आहे, रेसिस्ट नाही. घोडनवरी तर माझ्या मते अतिशय क्रूर शब्द आहे, पण त्याचा रोख बाईपणावर आहे, वंशावर नाही.

पण थांबा, इथे एक वाकण आहे. आम्ही मिसळ खात होतो तेव्हाच शेजारच्या टेबलावरून एक पंचविशीतला माणूस ओरडला, "ए पोऱ्या, रस्सा आण." मी वर बघितलं, रस्सा घेऊन जो आला तो माझ्यापेक्षा मोठा होता, पन्नाशीच्या पुढचा असेल, मिशी पूर्ण पांढरी, पायात रबरी चप्पल, हातावर गरम रश्श्याचे जुने डाग. भाचीनं त्याला 'काका, एक पाव द्या' म्हटलं तसा तो जरा रेंगाळला, बोलला, सुरगाण्यातल्या उंबरठाणकडचा आहे म्हणाला, नातू चौथीत आहे म्हणाला. आणि नातवाच्या या आजोबाला दिवसभर लोक पोऱ्या म्हणतात. पोऱ्या हा वयाचा शब्द आहे, शिवी पण नाही. पण पांढऱ्या मिशीच्या कुठल्या माणसाला पोऱ्या म्हणता येतं आणि कुठल्याला नाही म्हणता येत? बँकेतल्या शिपायाला म्हणेल का तो? आपल्याकडे वय झालं की मान आपोआप मिळतो, दादा, काका, बाबा, आजोबा अशी शिडी आहे, आणि काही लोकांना या शिडीवर कधी चढूच दिलं जात नाही. वयाचा शब्द वापरून त्यांना आयुष्यभर लहान ठेवलं जातं.

अमेरिकेत हे हुबेहूब झालेलं आहे. गुलामगिरीत आणि नंतरही चाळीस-साठ वर्षांच्या काळ्या पुरुषांना गोरे लोक 'बॉय' म्हणायचे. अलाबामातल्या कोंबडी प्रक्रिया करणाऱ्या एका प्लांटमधली केस २००६ साली त्यांच्या सुप्रीम कोर्टात गेली, मॅनेजर काळ्या कामगारांना 'बॉय' म्हणायचा. खालचं कोर्ट म्हणालं होतं की नुसतं बॉय म्हटलं, मागे 'ब्लॅक' वगैरे काही लावलं नाही, तर तो वंशद्वेष नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं असं नसतं, संदर्भ, आवाजातली फेक, बोलायचा सूर, त्या भागातला रिवाज आणि शब्दाचा इतिहास हे सगळं बघावं लागतं. मला या विषयावर कुठेही सापडलेलं हे सगळ्यात शहाणं उत्तर वाटतं. आपल्या शाळेतल्या दोन काळ्यांना लावून बघा, बरोबर बसतं.

आता कायद्याचं, कारण भाचीचा पुढचा प्रश्न तोच होता, तक्रार करता येते का. घटनेच्या १५ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव नको असं आहे, त्यात रंग हा शब्द नाही आणि वय पण नाही. ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांच्या देखत हेतुपुरस्सर अपमानित करणं किंवा जातीवाचक बोलणं याला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. पण २०२० साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की समोरचा दलित किंवा आदिवासी आहे एवढ्यावर भागत नाही, अपमान त्या कारणानं झालेला असायला पाहिजे. परत तेच, शब्द कुठे लागतो. 'चिंकी' म्हटलं आणि समोरची व्यक्ती अनुसूचित जमातीची असेल तर हा कायदा लावा असं केंद्रीय गृहमंत्रालयानं २०१२ मध्ये राज्यांना कळवलेलं आहे, आणि अरुणाचलच्या बहुतेक जमाती त्या यादीत आहेत. म्हणजे वर्गात सगळ्यांसमोर 'चायना' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

नुसत्या रंगाला मात्र संरक्षण फार कमी आहे. साताऱ्याच्या एका जुन्या केसमध्ये नवरा बायकोला काळी म्हणून टोमणे मारायचा, तिनं आत्महत्या केली होती, आणि २०२५ साली मुंबई हायकोर्टानं त्याला सोडलं, असे टोमणे म्हणजे घरगुती भांडण, कायद्यातलं क्रौर्य नाही असं म्हणत. मला हे वाचून झोप लागली नाही. उलट दिव्यांगांचा २०१६ चा कायदा चांगला आहे, त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, खुजेपण पण त्यात आहे, आणि लोकांदेखत मुद्दाम हिणवलं तर सहा महिने ते पाच वर्षं. त्यामुळे उंचीनं जरा कमी असलेल्या मित्राला बुटक्या म्हणणं वेगळं आणि खुजेपण असलेल्या माणसाला बुटक्या म्हणणं वेगळं, ते रेसिस्ट नाही पण गुन्हा ठरू शकतं. टकल्याचं पण ऐका. इंग्लंडमध्ये २०२२ साली कामगारांच्या एका न्यायाधिकरणानं ठरवलं की कामाच्या ठिकाणी पुरुषाला टकल्या म्हणून शिवी देणं हा लिंगावरून केलेला छळ आहे, कारण टक्कल बहुतेक पुरुषांनाच पडतं. वंश नाही, लिंग. म्हणजे त्या पोराला सांगायचं की बाबा तुझं टकल्या पण सुटत नाही, फक्त त्याचा कप्पा वेगळा आहे.

आणि ते कूळ. बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय की जात ही वंशांची विभागणी नाही, एकाच वंशाच्या माणसांची सामाजिक विभागणी आहे. त्याच्या सहा वर्षं आधी, २ मार्च १९३० ला, याच काळाराम मंदिराच्या दारात त्यांनी सत्याग्रह सुरू केला होता, आत असलेल्यांचा आणि बाहेर उभ्या असलेल्यांचा वंश एकच होता, रंग पण सारखेच होते, तरी दार बंद होतं. २००१ मध्ये डर्बनलाच वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद झाली तेव्हा दलित संघटना म्हणाल्या जात पण यात धरा, भारत सरकार म्हणालं जात म्हणजे वंश नाही. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं सांगितलं की करारातल्या 'कूळ' या शब्दात जात येते. आपणच घालायला लावलेला शब्द आपल्यालाच लागू झाला. मला इथे दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. जात म्हणजे वंश नाही, बाबासाहेबांचं बरोबरच आहे, पण जन्मावरून माणसाला खाली ठेवायचं काम दोन्ही सारखंच करतात आणि दोन्हीची शिवी सारखीच लागते.

'मग आता मित्राला काही बोलायचंच नाही का' हा प्रश्न येणार, मला माहितीये. बोला की. वाड्यातल्या काळ्याला मी अजून काळ्याच म्हणतो. पण तो मला उलट बोलू शकतो, आणि उद्या त्यानं 'बस झालं' म्हटलं तर मी थांबेन, आणि त्याच्या पोराला शाळेत प्रवेश घेताना रंगाचा काही त्रास होणार नाही हे आम्हा दोघांना माहिती आहे. या तीन गोष्टी आहेत म्हणून ती गंमत आहे. हरसूलच्या पोराकडे यातली एकही नव्हती. आणि एखादा समाज स्वतःच्या आत स्वतःसाठी असा शब्द वापरत असेल तर तो त्यांचा हक्क आहे, बाहेरच्यानं तो उसना घ्यायचा नसतो.

रेसिस्ट नाही म्हणजे चालतं, असं मात्र कोणी समजू नका. ढोल्या म्हणून ज्या पोराला वर्ग हाक मारतो तो कँटीनमध्ये सगळ्यांसोबत खात नाही, भाचीनंच सांगितलं. त्याला वंशाचा प्रश्न नाही, पण तो उपाशी राहतो.

काल रात्री भाचीचा फोन आला. मी तिला हे सगळं सांगितलं, ॲट्रॉसिटीचं पण सांगितलं, तर ती म्हणाली मामा, मी विचारलं तिला, तिला तक्रार वगैरे करायची नाहीये, तिला फक्त नावानं हाक मारलेली पाहिजे. मग मारा की, म्हटलं. तर म्हणे वर्गातले म्हणतात तिचं नाव फार अवघड आहे, जीभ वळत नाही. मी विचारलं काय नाव आहे. तिनं सांगितलं. तीन अक्षरी आहे, 'चायना'एवढंच.